वाणात दिलेला माणूस

९ ऑगस्ट २०२३

श्री. रा. रा. युवराजराव रणदिवे यांस सप्रेम नमस्कार.

मी, श्रीमंत धोंडीबा नलवडे, वय छप्पन्न, वाणिज्य पदवीधर, खंदारवाडीचा पोलीस पाटील आणि नात्याने आपला सासरा, हे पत्र एकाच कामासाठी लिहीत आहे. आमच्या गावचा मेंढपाळ धुळाप्पा गोफणे याला आपण रविवारी चौकशीसाठी ठाण्यात घेऊन गेलात. त्याला परत पाठवावे, अथवा तो कोठे आहे ते कळवावे.

आपण फोन उचलत नाही. कामाचा व्याप मी समजू शकतो. शिवाय फोनवरच्या बोलण्याचा अर्थ ज्याला जसा सोयीचा तसा लावता येतो, म्हणून लिहिणे मला बरे वाटते.

रविवारचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. तरी क्रमाने लिहितो. माझ्या सांगण्यात काही कमीजास्त असल्यास आपण दुरुस्त करावे.

मागचा अधिक महिना टाळेबंदीत गेला, त्यामुळे लग्नानंतरचे आपले धोंड्याचे जेवण यंदा प्रथमच होत होते. एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई, ही आमच्याकडील रीत. त्यात जावई पोलीस अधिकारी आणि आमच्याच भागात बदलून आलेला. त्यामुळे अंगणात बसायला जागा उरली नव्हती. गुरुसिद्धप्पा वाण्याने आपल्याला फेटा बांधला. जेवणे झाली. सौ. प्रेमाबाईंनी तेहतीस अनारशांचे ताट आणि वर चांदीचा दिवा असे वाण आपल्यापुढे आणले आणि दानावर सोडायच्या पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला.

तेव्हा आपण हात मागे घेतलात आणि हसून म्हणालात, "मामा, अनारसे राहू द्या. धोंड्यात जावई मागेल ते द्यायचं असतं म्हणे. मला तुमचा धुळाप्पा द्या."

सगळे हसले. पवनचक्कीची तांब्याची तार ज्या माळावरून चोरीला गेली होती, त्या माळावर धुळाप्पाची मेंढरे चरतात, म्हणून त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, असे आपण सांगितलेत. "दिवे लागायच्या आत आणून सोडतो, माझा शब्द." धुळाप्पा तेव्हा पंगतीतून उठून हात धूत होता. तोही हसला. म्हणाला, "म्हंजी म्या अनारसा झालो म्हनायचं."

गुरुसिद्धप्पा म्हणाला, "सोडा पानी, पाटील. जावयाला न्हाय म्हनू ने."

मी पाणी सोडले. एरवी कोणाला ठाण्यावर न्यायचे तर मी लेखी मागतो. आपल्याकडे मागितले नाही. फेटा बांधलेल्या जावयाकडे कागद मागणे मला शोभले नसते, आणि गावानेही त्याबद्दल मला क्षमा केली नसती.

धुळाप्पा खांद्यावर घोंगडी टाकून आपल्या खासगी गाडीत, आपल्या शेजारी पुढच्या सीटवर बसला. असा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता. त्याने काचेतून हात हलवला.

आज बुधवार आहे. त्याची बायको सिताबाई रोज सकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसते. आपला फोन आला होता आणि चौकशीला थोडा वेळ लागतो आहे, असे मी तिला सांगितले. ते खरे नाही. आपण ते खरे करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आमची निकिता आणि लहानगी आरोही काल एसटीने आपल्याकडे निघाल्या. सुखरूप पोचल्या असतील.

आपला,
श्रीमंत नलवडे

१७ ऑगस्ट २०२३

युवराजराव यांस नमस्कार.

पत्र आपल्या हाती पडल्याची पोचपावती आली. उत्तर आले नाही.

काल मी आपल्या ठाण्यात आलो होतो. आपण बाहेर होतात. आपली गाडी आवारात उभी होती, परंतु आपण बाहेर होतात असे मला सांगण्यात आले आणि ते मी मान्य करतो. ठाणे अंमलदाराने चहा मागवला. म्हणाला, "पाटील, सासऱ्यानं जावयाच्या घराकडं यायचं. इकडं कशापायी?" मी काम सांगितले. त्यावर तो कपातल्या चहाकडे पाहत म्हणाला, "धुळाप्पाला तर साहेबांनी रविवारीच सोडलं. दिवस मावळायला गेला बघा फाटकातून."

"कोणी पाहिले?"

"सगळ्यांनीच."

"नाव सांगा एकाचे."

"पाटील, तुमी साक्षी तपासायला आला का जावयाला भेटायला?"

फाटकावर कॅमेरा आहे. त्याविषयी विचारले तर तो बंद असल्याचे कळले. वीज पडून बिघडला म्हणे. युवराजराव, या महिन्यात आमच्याकडे वीज सोडा, आभाळदेखील आलेले नाही. उडदाचे पीक उभ्या जागी वाळते आहे. वीज कोठून पडली, हे मी विचारले नाही. चहा पिऊन उठलो. चहा न पिता उठलो असतो तर ते भांडण झाले असते, आणि मला धुळाप्पा हवा आहे, भांडण नको.

सिताबाईला मी सुटकेची गोष्ट सांगितली. तिने ओट्यावरून न उठता ऐकून घेतली.

"सोडला म्हनत्यात?"

"असे म्हणतात."

"चालत आला आसता की मग. मेंढरं उपाशी ठिवून त्यो देवाला बी जात न्हाय. सोनारीच्या यात्रेला मला एकलीला धाडतोय, दरसाल."

तिचा दीर धुळाप्पाला शोधायला पाहुण्यांकडे फिरून आला. कोठेही तो गेलेला नाही. मेंढरे आता ती स्वतः चारते. तिच्या हाकेला ती नीट वळत नाहीत, माळभर पांगतात. तिन्हीसांजेला ती धुळाप्पासारखा आवाज काढून त्यांना बोलावते. तो आवाज आमच्या माडीपर्यंत येतो. प्रेमाबाई त्या वेळी खिडक्या लावून घेतात.

गुरुसिद्धप्पाच्या दुकानात मी साखर आणायला गेलो होतो. त्याने वजन करता करता विचारले, "पाटील, पुढल्या धोंड्याला जावयाला काय देनार?" दुकानात बसलेले कोणी हसले नाही. ते हसले असते तर मला बरे वाटले असते.

मी अजूनही असे धरून चालतो की आपल्याला काही अडचण आहे आणि ती आपण मला सांगाल.

श्रीमंत नलवडे

४ सप्टेंबर २०२३

श्री. रणदिवे यांस,

आपला मोबाइलवरील संदेश मिळाला. तो जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे आपण काय लिहिले हे आपल्यालाही पुन्हा वाचता येईल. "मामा तुम्ही पोलीस पाटील आहात. पोलिसांच्या बाजूने राहा. गाव भडकवू नका. निकिता इथे सुखात आहे."

पहिल्या तीन वाक्यांना उत्तर देता येते. चौथे वाक्य तेथे का आले, याचा विचार मी आणि प्रेमाबाई तेव्हापासून करीत आहोत.

गाव मी भडकवलेले नाही. गाव भडकलेलेही नाही. भडकलेल्या माणसांशी बोलता येते. येथे माझ्याशी कोणी बोलतच नाही.

येरमाळ्याजवळ हमरस्त्यावर एका भंगारवाल्याकडे ती पवनचक्कीची तार सापडली, चोरही सापडले, असे वर्तमानपत्रात आले. ते कोण कुठले, परजिल्ह्यातले. गुरुसिद्धप्पाच्या दुकानात ती बातमी मोठ्याने वाचण्यात आली. मी तेथे पोचल्यावर वाचणाऱ्याने घडी घालून पेपर बाजूला ठेवला आणि माझ्यासाठी जागा करून दिली.

त्यानंतर गुरुसिद्धप्पाच्याच दुकानाचे कुलूप फुटले. तेलाचे डबे गेले. ही गोष्ट मला पोलीस पाटील म्हणून पहिल्यांदा कळायला हवी. मला ती प्रेमाबाईंकडून कळली आणि त्यांना पाणवठ्यावरून. मी दुकानात जाऊन विचारले, "फिर्याद का दिली नाही?"

तो म्हणाला, "द्याची व्हती. पन म्हनलं, म्या फिर्याद द्याला यायचो आन् तुमी मलाच वाणात देताल. तुमचा काय नेम, पाटील?"

तो हे चिडून म्हणाला नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसे म्हणाला.

मागच्या आठवड्यात आपले दोन शिपाई आले होते. हमरस्त्यावरच्या एका अपघातात जखमी झालेल्याला आमच्या गावच्या माणसाने दवाखान्यात पोचवले होते, त्याची साक्ष त्यांना हवी होती. काम चांगले होते. शिपाई मुकाट्याने फिरत होते, कोणाला दरडावत नव्हते. तरी त्या माणसाचे नाव गावात एकालाही ठाऊक नव्हते. त्याच्या सख्ख्या चुलत्यालाही नव्हते. शिपाई माझ्याकडे आले. मला नाव ठाऊक होते. मी सांगितले, "चौकशी करून कळवतो." बावीस वर्षे हे काम करतो आहे. शिपायाला असे उत्तर मी प्रथमच दिले.

वेशीजवळ रस्त्यात एक बाभळीचा ओंडका आणून टाकला आहे. एसटी येते तेव्हा तो चौघे मिळून बाजूला करतात आणि पुन्हा आणून ठेवतात. पाराशेजारी दगडांचा ढीग जमतो आहे. कशासाठी म्हणून विचारले, तर कोणी म्हणाले गटारीला, कोणी म्हणाले रस्त्याला. ग्रामपंचायतीत असे कोणतेही काम मंजूर नाही.

म्हणून आपल्याला, आणि आपल्या ठाण्यातल्या ज्यांचा यात दोष नाही त्यांनाही, सांगणे माझे कर्तव्य आहे. सध्या खंदारवाडीत येऊ नये. यायचे झाल्यास धुळाप्पाला घेऊन यावे. मग ओंडका मी स्वतः बाजूला करीन.

श्रीमंत नलवडे
पोलीस पाटील

२७ सप्टेंबर २०२३

श्री. रणदिवे,

निकिता आणि आरोही माझ्या घरी आहेत. शोध घेऊ नये.

निकिता काल दुपारच्या एसटीने आली. वेशीवर गाडी थांबली तेव्हा ओंडका कोणी बाजूला केला नाही. तिने आरोहीला कडेवर घेतले, पिशवी खांद्याला लावली आणि ती चालत आली. पारावर बसलेली माणसे तिला लहानपणापासून ओळखतात. एकानेही "कवा आलीस, ताई" असे विचारले नाही.

आरोहीने अंगाभोवती एक घोंगडी लपेटली होती. या उन्हात घोंगडी कशाला, असे प्रेमाबाईंनी विचारले. आरोही म्हणाली, "ही पप्पांच्या गाडीतली हाय. हिच्यात माझी बाहुली झोपती. हिला मेंढराचा वास येतो."

निकिताने जे सांगितले ते येथे लिहितो. आपल्याला ते नाकारायचे असल्यास नाकारता यावे. त्या मंगळवारी ती घरी पोचली तेव्हा आपल्या गाडीची डिकी उघडी टाकून उन्हात वाळवायला ठेवलेली होती. गाडी आपण कधी स्वतः धूत नाही, त्या दिवशी धुतली होती. घोंगडी मागच्या बाजूला जुन्या टायरांवर पडली होती. आरोहीने ती ओढत घरात आणली. निकिताने आपल्याला विचारले, ही कोणाची. आपण म्हणालात, "मुद्देमाल आहे. हात लावू नको." नंतर आपण ती मागितली, तेव्हा आरोही रडली, आणि आपण ती तिच्याकडे राहू दिलीत.

मी या प्रश्नापाशी थांबलो आहे: आपल्या ठाण्याच्या म्हणण्याप्रमाणे धुळाप्पाला सोडून दिले. सोडून दिलेल्या माणसाची घोंगडी मुद्देमाल कशी होते? आणि घोंगडी न घेता मेंढपाळ फाटकातून बाहेर कसा पडतो?

सिताबाई नेहमीप्रमाणे ओट्यावर होती. लपवण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. परंतु आरोही घोंगडीसकट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. सिताबाईने घोंगडीचे टोक हातात घेतले. तेथे लाल दोऱ्याने शिवलेले आहे. कुत्र्याने ओढून फाडले होते, तिनेच शिवले होते. तिने ते टोक बोटाने चाचपले, नाकाला लावले. मग आरोहीला म्हणाली, "बाय, ही माझ्या मालकाची हाय. तू निजतीस व्हय हिच्यात?"

"हां."

"थंडी वाजत न्हाय मग."

निकिता तिच्या पायांशी बसली आणि रडू लागली. सिताबाई रडली नाही. म्हणाली, "उठ. तुज्या कुंकवाला म्या बोल लावत न्हाय. तू माज्या कुंकवाचं तेवढं इचारून दे. लावू का पुसू, येवढंच. रोज सकाळी हातात करंडा घिऊन बसती आन् मला कळतच न्हाय."

घोंगडी तिने नेली नाही. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, पाटील," म्हणाली. "माज्या झोपडीतनं कोनबी नेईल. तुमच्या घरातनं न्यायची झाली तर जावयालाच यावं लागंल."

ती माझ्या कपाटात कुलपात आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे.

श्रीमंत नलवडे

१० ऑक्टोबर २०२३

सहायक पोलीस निरीक्षक युवराज रणदिवे यांस,

काल अखेर आपला फोन आला. दोन महिन्यांत हे पहिलेच बोलणे, म्हणून तेही उतरवतो.

आपण म्हणालात, "मामा, ती घोंगडी मला आणून द्या. निकिताला पाठवा. विषय संपला."

मी म्हणालो, "धुळाप्पा कोठे आहे?"

"तुम्हाला पोरीचा संसार मोठा का मेंढक्या?"

"धुळाप्पा कोठे आहे?"

"मामा, माणूस तुम्हीच दिलात. अख्ख्या गावासमोर पाणी सोडून दिलात. मी हिसकावून नेला नाही. ते सांगणार आहात का चौकशीच्या साहेबांसमोर?"

मी होय म्हणालो. त्यावर आपण म्हणालात, "पोरगीपण पाणी सोडूनच दिली होती. ती पण परत घेताय. काय घराणं तुमचं."

येथे फोन बंद झाला. मी केला नाही.

सिताबाईने मागच्या आठवड्यात धाराशिवला जाऊन दिलेल्या तक्रारीवर तेथून चौकशी अधिकारी नेमले गेले आहेत. ते आपल्या ठाण्याचे नाहीत. त्यांनी मला आज दुपारी जबाबासाठी बोलावले आहे. मी पहिल्या गाडीने निघतो आहे. निकिता सोबत येणार आहे. मी तिला येऊ नको म्हणालो. ती म्हणाली, "दादा, डिकी मी बघितली, तुम्ही नाही." तिचे म्हणणे बरोबर आहे. सिताबाईही येणार आहे. मेंढरे आज गुरुसिद्धप्पाने आपल्या परड्यात घेतली आहेत. वाण्याच्या परड्यात मेंढरे मी पहिल्यांदाच पाहतो आहे.

मी जे सांगणार आहे ते आपल्याला आधी कळावे, हे मला न्याय्य वाटते. जेवणाचे, फेट्याचे, वाणाचे सगळे सांगणार आहे. आपण मागितलेत, गुरुसिद्धप्पा बोलला, धुळाप्पा हसला, मी पाणी सोडले. यातले माझे काही गाळणार नाही, म्हणजे मग आपलेही काही गाळावे लागणार नाही. घोंगडी त्यांच्या हाती देईन आणि ती घेतल्याची पोच मागेन. पोलीस पाटील पदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे, परंतु तो आज देणार नाही. आज मला त्या पदानेच जबाब द्यायचा आहे.

ते माझे ऐकतील किंवा नाही, मी सांगू शकत नाही. त्यांच्याविषयी मला काही माहिती नाही आणि ऐकीव गोष्टींवर मत बनवण्याची मला सवय नाही. परंतु आज सकाळी अंधार असतानाच मी वेशीकडे जाऊन आलो. पारावर माणसे बसली होती, नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक. बायका पण होत्या. मी दिसल्यावर एकाने फक्त विचारले, "निगाला का?" मी हो म्हणालो. त्यांनी उठून ओंडका बाजूला केला. दगडांचा ढीग मात्र कोणी हलवला नाही. "तुमी परत येस्तोवर आमी हितंच हाव," असे गुरुसिद्धप्पा म्हणाला. मी काय घेऊन परत येतो, यावर ते दगड गटारीला जातात की आणखी कशाला, हे ठरणार आहे. आपण पोलीस अधिकारी आहात. याचा अर्थ मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

निकिताविषयी. लग्नात मी तिच्या हातावर पाणी सोडले, तेव्हा तिला आपल्या स्वाधीन केले, आपल्या मालकीची केली नाही. ती कोठे राहील हे ती ठरवील. तिच्याविषयी मी आपल्याकडे काहीही मागत नाही.

धुळाप्पाविषयी मागतो. पाणी सोडून दिलेले दान परत मागू नये, असे आमच्यात मानतात. मागणाऱ्याला पाप लागते. माझ्या आई-वडिलांनी आणि त्यांच्याही आधीच्यांनी ते पाळले, मीही आजवर पाळले. परंतु जे माझे नव्हते ते मी त्या दिवशी दिले. धुळाप्पा सिताबाईचा होता, मेंढरांचा होता, स्वतःचा होता. त्याला देण्याचा अधिकार मला नव्हता आणि मागण्याचा आपल्याला नव्हता. सगळे हसत होते म्हणून ते दान ठरत नाही.

तो जिवंत असेल तर त्याला वेशीवर आणून सोडा. नसेल तर जागा दाखवा. चौकशीने ती शोधावी, यापेक्षा आपण ती सांगावी, एवढी एक संधी मी आपल्याला नात्याने देतो. आपल्याला देण्यासारखे माझ्याकडे आता तेवढेच आहे.

एसटीचा हॉर्न ऐकू येतो आहे. सिताबाई ओट्यावर तयार होऊन बसली आहे. तिने आज कुंकू लावले आहे. पुसायचे की नाही, हे तिला आपल्याकडून ऐकायचे आहे.

श्रीमंत धोंडीबा नलवडे
पोलीस पाटील, खंदारवाडी, जि. धाराशिव
१० ऑक्टोबर २०२३